बर्फावरची सुट्टी – पण कुणाची?

दिवाळीचा फराळ आटोपला होता, डबे घासून पालथे घातले होते आणि मी जरा कुठे टेकते आहे तोच म्युनिकहून चिरंजीवांचा फोन आला.

"आई, जानेवारीत तू आणि बाबा इकडे या. आपण सगळे आठ दिवस ऑस्ट्रियात स्कीइंगला जाऊ!"

"अरे, पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवरून चालताना मी भिंत धरते आणि तू मला बर्फावरून घसरायला सांगतोस?"

"तुला कुठे घसरायचंय? तू आणि बाबा घरात मस्त शेकत बसा. खिडकीतून बर्फ दिसतो. छोटू तुमच्याजवळ राहील, म्हणजे आम्ही दोघं दिवसभर मोकळे."

खरं सांगते मैत्रिणींनो, मला त्यात काहीच गैर वाटले नाही. पाच वर्षांच्या नातवाबरोबर आठ दिवस मिळणार, आयुष्यात पहिल्यांदा बर्फ दिसणार, आणखी काय हवं? मी तर मनातल्या मनात भाजणी दळायलाही घेतली.

दोन दिवसांनी सूनबाईचा फोन आला. एकटीचाच.

"आई, एक बोलू का? चार हिवाळे मी त्या खिडकीत बसले आहे. तुमचे चिरंजीव आणि त्यांची मित्रमंडळी सकाळी जातात ती अंधार पडल्यावर येतात. मी आपली छोटूचं जेवण, रात्रीचा स्वयंपाक आणि सगळ्यांचे ओले मोजे वाळत घालणं. यंदा मला शिकायचंय. पण माझी खिडकीतली जागा तुम्हाला देऊन नाही."

फोन ठेवला आणि मी बराच वेळ ओट्याशी तशीच उभी राहिले. मला महाबळेश्वर आठवलं. सासर-माहेरच्या मंडळींबरोबर मी सहा वेळा महाबळेश्वरला गेले आहे. पण आर्थर सीटपेक्षा मला त्या भाड्याच्या बंगल्याची स्वयंपाकघराची खिडकीच जास्त स्पष्ट आठवते. सकाळचे पोहे, दुपारची आमटी, संध्याकाळची भजी. सगळे म्हणायचे, "काय मजा आली!" मीही म्हणायचे. खोटं नव्हतं ते, पण सगळं खरंही नव्हतं.

तेव्हा ह्या लेखात मी केवळ प्रवासवर्णन लिहिणार नाही. सुट्टीचा बेत आखताना आपण गाड्यांच्या वेळा आणि खोल्यांची भाडी लिहून काढतो, पण कुणाच्या वाट्याला किती तास येणार हे लिहीत नाही. ते आम्ही यंदा लिहिलं. त्याचीच ही हकिगत.

गाव कसे निवडले

चिरंजीवांच्या मनात आधी उंच डोंगरातले एक खेडे होते. दारातून बाहेर पडले की थेट उतारावर! पण ज्याला स्कीइंग करायचे नाही त्याने तिथे काय करायचे? भिंती बघायच्या? आमच्या पाच जणांत पूर्णवेळ स्कीइंग करणारा एक, शिकणारे दोन आणि चालणारे म्हातारे दोन. म्हणून आम्ही अट घातली : गावात रेल्वे स्टेशन हवे, फिरायला सपाट रस्ता हवा, पायी जाण्याच्या अंतरावर दुकाने हवीत, आणि स्की न लावताही केबल कारने वर जाता आले पाहिजे.

या साऱ्या अटींत बसले ते त्सेल आम झे. ऑस्ट्रियाच्या साल्झबुर्ग प्रांतातले जेमतेम दहा हजार वस्तीचे हे गाव. 'झे' म्हणजे तळे, आणि 'त्सेल' हा शब्द मठातल्या साधूंच्या खोलीवरून आला. आठव्या शतकात इथे साधूंनी वस्ती केली होती. गाव समुद्रसपाटीपासून 757 मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या निम्म्याहून थोडे वर. पण पाठीशी उभा असलेला श्मिटनह्योहे हा डोंगर 1,965 मीटर उंच, कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरने जास्त! तिथे जाणारी केबल कार 1927 साली सुरू झाली. जवळच्या काप्रुन गावाहून किट्झश्टाइनहॉर्न नावाच्या 3,203 मीटरच्या हिमशिखरावर जाता येते. तिथे 1965 पासून हिमनदीवर स्कीइंग चालते, त्यामुळे गावात बर्फ कमी पडला तरी वर मिळतो.

आणि हो, एक धसका घेण्याजोगी गोष्टही सांगते, कारण ती लपवण्यात अर्थ नाही. 11 नोव्हेंबर 2000 रोजी काप्रुनला बोगद्यातून वर जाणाऱ्या डोंगरी रेल्वेला आग लागली आणि 155 माणसे दगावली. ती रेल्वे प्रवाशांसाठी पुन्हा कधीच सुरू झाली नाही. आता उघड्यावरून केबल कार जाते. खाली त्या माणसांचे स्मारक आहे. आम्ही तिथे दोन मिनिटे उभे राहिलो.

तारीख, पैसा आणि कागदपत्रे

ह्या खेळाला पैसा लागतो, हे आधीच सांगून टाकते. चढत्या हंगामात मोठ्या माणसाचा एका दिवसाचा लिफ्टचा पास सत्तर युरोंच्या वर, म्हणजे सात हजार रुपयांच्या आसपास जातो. शिवाय स्की आणि बुटांचे भाडे, शाळेची फी, राहणे, खाणे. म्हणून जिथे वाचवता येते तिथे वाचवायला हवे.

पहिली बचत तारखेची. नाताळ ते नववर्ष आणि शाळांच्या सुट्ट्यांचा फेब्रुवारी, हे सर्वांत महागडे दिवस. 6 जानेवारीचा त्यांचा सण उलटला की महिनाअखेरपर्यंत गर्दी ओसरते आणि भाडी उतरतात. आम्ही जानेवारीचा मध्य गाठला.

दुसरी बचत लिफ्टच्या पासाची. शिकाऊ माणूस पहिले एक-दोन दिवस पायथ्याच्या सपाट कुरणावरच असतो. त्याला चारशेहून अधिक किलोमीटर उतारांचा पास घेऊन काय करायचंय? शाळेला आधी विचारावे, "मला पास कितव्या दिवसापासून लागेल?" आमच्या सूनबाईचे पहिल्या दोन दिवसांचे पैसे असे वाचले.

तिसरी बचत सामानाची. स्की, बूट, काठ्या, हेल्मेट सगळे तिथे भाड्याने मिळते. एकदाच्या हौसेसाठी विकत घेऊ नये. पँट-जाकीट कुणा मैत्रिणीचे मिळाले तर सोन्याहून पिवळे!

जिथे काटकसर करू नये ती जागा म्हणजे विमा. साध्या प्रवास विम्यात पुष्कळदा बर्फावरचे खेळ धरलेले नसतात, आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचे बिल माणसाच्या हातात पडते. पॉलिसीवर तसा उल्लेख आहे की नाही हे चष्मा लावून वाचा. ऑस्ट्रियात डोंगरातल्या मदतीसाठी 140 नंबर आहे, तो फोनमध्ये घालून ठेवा.

व्हिसाचे म्हणाल तर, ज्या देशात जास्त दिवस राहायचे त्या देशाकडे शेंगेन व्हिसाचा अर्ज करायचा. आमचे बहुतेक दिवस मुलाकडे म्युनिकला जाणार होते, म्हणून आम्ही जर्मनीकडे केला. तोच ऑस्ट्रियाला चालतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. जून 2024 पासून मोठ्या माणसाची फी 90 युरो आहे, आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच.

बॅगेत काय, बॅगेबाहेर काय

मी हौसेने तूप, पेढे आणि खव्याच्या करंज्या काढून ठेवल्या होत्या. सूनबाईने वेळीच सांगितले : भारतातून युरोपात जाताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात चालत नाहीत. ताजी फळे आणि कढीपत्त्याची हिरवी पाने सुद्धा नकोत. चिवडा, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, भाजलेला रवा मात्र बिनघोर नेला.

कुकर न्यायचा असेल तर सपाट बुडाचा आणि तिथल्या काचेच्या शेगडीवर चालेल असाच न्या. माझा जुना कुकर घरीच राहिला.

कपड्यांत आपली नेहमीची चूक म्हणजे सुती बनियनवर चार स्वेटर. सुती कापड घाम धरून ठेवते आणि मग अंग गार पडते. आत अंगाला चिकटून बसणारे थर्मल, त्यावर एक लोकरीचे किंवा फ्लीसचे, आणि वर वारा-पाणी न शिरणारे जाकीट, असे तीन थर पुरतात. लोकरीचे हातमोजे बर्फात भिजून जातात, पाणी न शिरणारेच हवेत. दोन पायमोजे एकावर एक घालू नयेत. चुरगळून पायाला फोड येतात. एकच, उंच आणि पातळ. बूट घालून सरळ उभे राहिले की बोटे पुढे टेकावीत आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरकावीत, म्हणजे माप बरोबर. आणि उन्हाचे क्रीम व गॉगल विसरू नका. बर्फावरून उलटून येणारे ऊन नाक भाजून काढते. आमच्या ह्यांनी ऐकले नाही, आणि चार दिवस त्यांचे नाक टोमॅटोसारखे होते!

मी दोन साड्या नेल्या होत्या. त्यांचे काय झाले ते शेवटी सांगते.

फ्रिजवरचा कागद

म्युनिकला उतरल्यावर पहिल्या रात्री सूनबाईने एक कोरा कागद काढला. आडवे सहा दिवस, उभी पाच नावे. प्रत्येक चौकोनात लिहायचे : सकाळी कुठे, दुपारी कुठे, स्वयंपाक कुणाचा, भांडी कुणाची.

चिरंजीव हसले. "सुट्टी आहे की ऑफिस?"

सूनबाई म्हणाली, "चार वर्षं हा कागद नव्हता, म्हणून माझ्या सगळ्या चौकोनांत एकच उत्तर होतं."

तो गप्प झाला. मग त्यानेच पेन घेतले.

छोटूचे नाव मुलांच्या स्की-शाळेत घातले. तिथे दहा ते तीन मुलांना शिकवतात, दुपारी जेवूही घालतात. फी बघून माझ्या पोटात गोळा आला. पण हिशेब केला तेव्हा लक्षात आले, की ती फी नुसत्या शाळेची नाही. घरातल्या दोन बायकांच्या पाच दिवसांची ती किंमत आहे. त्या मानाने महाग नाही! सूनबाई मोठ्यांच्या नवशिक्या वर्गात. आमचे हे तळ्याकाठी फिरणार. संध्याकाळचा स्वयंपाक आळीपाळीने, चिरंजीवांचे दोन वार.

आणि माझ्या नावापुढे सूनबाईने लिहिले : 'सोमवार सकाळ – स्कीइंग, एक तास.'

"अगं, माझा गुडघा!"

"एक तास, आई. नाही जमलं तर सोडून द्या. पण न बघता सोडू नका."

तळ्याकाठी

शनिवारी आगगाडीने निघालो. गाडीने गेलो असतो तर हायवेचा कर, बर्फाचे टायर आणि वर शनिवारची गर्दी. रेल्वेने एकदा गाडी बदलून तीन तासांच्या आत पोहोचलो. इथे रेल्वे 1875 साली आली. शेवटची काही मिनिटे रूळ अगदी तळ्याच्या काठाने जातात. एका बाजूला पाणी, पलीकडे पांढरे डोंगर, आणि डब्यात छोटू ओरडतोय, "आजी, तो बघ आपला डोंगर!" स्टेशनवर उतरले की तळे समोरच.

घर भाड्याने घेतले होते. अशी घरे बहुधा शनिवार ते शनिवार देतात. भाड्याशिवाय शेवटच्या साफसफाईचे पैसे आणि माणशी दर रात्रीचा स्थानिक कर वेगळा असतो, तो आधी विचारून घ्यावा. ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत दूध, भाजी, तांदूळ आणून ठेवले. आणि पहिल्याच फोडणीला छतावरचा धुराचा भोंगा केकाटला! तेव्हापासून मोहरी टाकण्याआधी खिडकी उघडायचा नियम केला.

गाव मोठे देखणे. मधोमध जाडजूड चौकोनी मनोऱ्याचे जुने चर्च, भोवती चिंचोळ्या गल्ल्या, आणि तळ्याकाठी सम्राज्ञी एलिझाबेथच्या नावाची बाग. ही ऑस्ट्रियाची राणी 1885 साली इथे आली होती आणि श्मिटनह्योहेवर चढून गेली होती. वर तिच्या स्मरणार्थ छोटेसे प्रार्थनामंदिर आहे. दरबारी रीतिरिवाजांचा तिला तिटकारा होता, जमेल तेव्हा ती डोंगरांकडे पळत असे, असे तिच्याबद्दल सांगतात. राणी असून खिडकीत बसायचा कंटाळा तिलाही आला असावा!

तळ्याच्या काठाने दुधावर साय धरावी तसा बर्फाचा पापुद्रा धरला होता. बर्फ पुरेसा जाड आहे असे अधिकृतपणे जाहीर झाल्याशिवाय त्यावर पाऊल टाकायचे नाही, हे मुलांना बजावून ठेवावे. हल्ली थंडी पूर्वीसारखी खात्रीची राहिली नाही, आणि तळे दरवर्षी चालण्याजोगे गोठतेच असे नाही. उतारांवर यंत्रांनी बर्फ पसरवतात. काही दिवशी खाली ओले हिरवट गवत आणि मधून वर जाणारा पांढरा पट्टा, असे चित्र दिसते.

माझा एक तास

सोमवारी मी उभी राहिले. ते बूट म्हणजे पायात दोन शिसवी पाट बांधल्यासारखे. शिकवणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. मुलांना ती सांगत होती, "पिझ्झा, पिझ्झा!" म्हणजे स्कीची टोके जवळ आणि मागचा भाग फाकवायचा, पिझ्झाच्या तुकड्यासारखा; वेग कमी होतो. दोन्ही स्की समांतर केल्या की बटाट्याच्या काड्या, म्हणजे सुसाट! छोटूला ते पाच मिनिटांत कळले. मी तीनदा पडले, तिसऱ्यांदा बसल्या बसल्या हसू आवरेना. तासाच्या शेवटी मात्र दहा-बारा पावले एकटी घसरत गेले आणि पिझ्झा करून थांबले.

पुरे झाले. गुडघा म्हणाला पुरे, आणि मी ऐकले. त्यानंतरचे दिवस मी चालण्यात घालवले. चालणाऱ्यांना केबल कारचे वेगळे तिकीट मिळते. वर श्मिटनह्योहेच्या माथ्यावर उभे राहिले की तीन हजार मीटरच्या वरची तीसहून जास्त शिखरे दिसतात. त्या रांगांत 3,798 मीटरचा ग्रोसग्लोकनर, ऑस्ट्रियातला सर्वांत उंच. आमचे हे एरवी फार बोलत नाहीत. तिथे रेलिंगला धरून म्हणाले, "तुला आधीच आणायला हवं होतं." नाक लाल झालेलेच होते, म्हणून मी काही बोलले नाही.

बुधवार

बुधवारी दुपारी घोटाळा झाला.

सूनबाईचा वर्ग छान चालला होता. चिरंजीव बघायला गेले आणि म्हणाले, "तुला येतंय की! चल, मी वर नेतो तुला." दुपारचा वर्ग बुडवून दोघे वर गेली. तिथे उतारांना रंग असतात. निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. वर धुके उतरले, एक वळण चुकले आणि दोघे लाल उतारावर आली. तो खालून ओरडतोय, "सोपं आहे, सोड!" आणि ही वर जागच्या जागी खिळलेली. बाजूने माणसे सूं सूं करत जाताहेत. शेवटी स्की काढून हातात घेतल्या आणि उताराच्या कडेकडेने लिफ्टपर्यंत पायी उतरली.

घरी आली ती एक शब्द न बोलता. जाकीट टांगले, आणि सरळ ओट्याशी जाऊन तांदूळ धुवायला लागली.

ते तांदूळ धुणे मी ओळखले. आपण बायका हरलो की ओट्याशी जातो. तिथे कुणी आपल्याला 'येत नाही' म्हणत नाही.

मी फ्रिजवरच्या कागदाकडे बोट दाखवले. "आज पाळी कुणाची?"

चिरंजीव उठले. बायकोच्या हातातून भांडे घेतले आणि म्हणाले, "मला वाटलं, मी असलो की तू घाबरणार नाहीस."

"तू होतास म्हणूनच जास्त घाबरले," ती म्हणाली. "शिक्षिका समोर असली की चुकायची लाज वाटत नाही."

आमचे हे वातावरण हलके करायला म्हणाले, "अरे, मी पण तुझ्या आईला स्कूटर शिकवली होती…"

"शिकवली नव्हती," मी म्हटले. "कॉलेज रोडवर चार लोकांसमोर ओरडला होतात. आठव्या दिवशी मी किल्ली टेबलावर ठेवली. तेहतीस वर्षं झाली, परत स्कूटरला हात लावला नाही."

खोलीत एकदम शांत झाले. मला स्वतःलाच नवल वाटले, हे इतकी वर्षे माझ्या आत जसेच्या तसे होते. हे म्हणाले, "तू कधी बोलली नाहीस." खरंच, नव्हते बोलले. त्यांना वाटत राहिले मला आवड नाही, आणि मला वाटत राहिले मला जमत नाही.

मग मी सूनबाईला म्हटले, "माझी स्कूटर गेली ती गेली. तू उद्या सकाळी दहाला वर्गात जा. आज काय झालं ते शिक्षिकेला सांग, आणि जिथे सोडलं होतंस तिथूनच धर."

चिरंजीवांनी त्या रात्री पिठलं-भात केला. पिठल्यात गुठळ्या होत्या, सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ल्या!

वरच्या हॉटेलात काय खावे

शाकाहारी मैत्रिणींसाठी चार शब्द. डोंगरावरच्या खानावळीत 'फ्रिटाटेनझुपे' नावाचे सूप असते. धिरड्याच्या पट्ट्या घातलेले निरागस दिसते, पण पाणी बहुधा बीफचे असते. सूप घेताना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यापेक्षा 'कासनोकन' घ्यावे. कणकेच्या बारीक गोळ्या, वितळलेले चीज आणि वर तळलेला कांदा, लोखंडी तव्यासकट टेबलावर येते. त्या चीजचा वास उग्र असतो, पण दुसऱ्या घासाला आवडायला लागते. 'गेर्मक्नोडल' म्हणजे वाफवलेला भला मोठा गोळा, आत आलुबुखाराचा मुरंबा, वर लोणी, साखर आणि काळी खसखस. आमच्या ह्यांनी त्याचे नाव 'ऑस्ट्रियाचा मोदक' ठेवले. 'कायझरश्मारन' हा जाड गोड धिरड्याचा चुरा. त्यात अंडी असतात, आणि कधी बेदाणे दारूत भिजवलेले असतात. मुलांसाठी मागवताना विचारावे.

थर्मासमधून चहा आणि थालीपिठे नेली तर खर्च निम्मा होतो. मात्र खानावळीच्या टेबलावर आपले डबे उघडू नयेत, बाहेरच्या बाकावर बसावे.

शुक्रवार

शेवटच्या दिवशी वर्गाची मंडळी अरायट नावाच्या बाजूला वरच्या निळ्या उतारावर जाणार होती. मी आणि हे केबल कारने आधीच वर जाऊन बसलो. छोटूचा वर्गही तिथेच होता, गळ्यात नंबराचे फडके, डोक्यावर हेल्मेट. तिथे 15 वर्षांच्या आतल्या मुलांना हेल्मेट सक्तीचेच आहे. आमच्या छोटूला आजी-आजोबांकडे बघायलाही फुरसत नव्हती.

चिरंजीव आमच्याशेजारी उभे होते. "मी वर जात नाही. इथेच थांबतो," म्हणाले.

मग वरून सात-आठ माणसांची रांग वळत वळत येताना दिसली. पुढे शिक्षिका, शेवटून दुसरी सूनबाई. वेग बैलगाडीचा! शेजारून पोरंसोरं पुढे निघून जात होती. एका वळणावर ती डगमगली, माझा हात आपोआप ह्यांच्या बाहीवर गेला. पण तिने पिझ्झा केला, सावरली, पुढचे वळण घेतले, त्याच्या पुढचेही. आमच्यासमोर येऊन थांबली, गॉगल वर केला. चेहरा घामाने आणि थंडीने लाल झालेला.

"आई, पाहिलंत?"

"पाहिलं गं," मी म्हटले. "खिडकीतून नाही पाहिलं."

त्या संध्याकाळी मी दोन्ही साड्यांपैकी एक नेसले, खाली थर्मल, वर जाकीट, आणि आम्ही पाचही जण तळ्याकाठच्या हॉटेलात जेवलो. स्वयंपाकाचा चौकोन त्या दिवशी रिकामाच ठेवला होता.

मैत्रिणींनो, प्रत्येकीला ऑस्ट्रियाला जाता येईल असे नाही. पण गणपतीपुळे असो, पाचगणी असो, नाही तर नुसते मामाचे गाव, निघण्यापूर्वी असा एक कागद करून बघा. प्रत्येकाच्या नावापुढे काय येते ते वाचा. एकीच्याच सगळ्या चौकोनांत 'स्वयंपाक' आणि 'मुले' आले असेल, तर ती तिची सुट्टी नाही, नुसती जागा बदलली आहे. कागद करताना भांडण होईल, होऊ द्या. ते घरी झालेले बरे.

आणि हो, स्कूटरचे राहिलेच. आमच्या कॉलनीजवळ बायकांना स्कूटी शिकवणारी एक बाई आहे. नाशिकला परतल्यावर एका संध्याकाळी तिचा फोन नंबर लिहिलेला कागद आमच्या फ्रिजवर लावलेला दिसला. अक्षर ह्यांचे होते. वर लिहिले होते : 'सोमवार सकाळ – एक तास.'